तारीख उलटलेलं कोरडं सामान: काय ठेवायचं, काय टाकायचं आणि दरवर्षी तेच का होतं

गणपतीच्या आधी स्वयंपाकघरातले डबे खाली काढले की ओट्यावर दरवर्षी एक ढीग जमतो. गेल्या वर्षी त्यात होतं ते असं: रव्याचा न फोडलेला अर्धा किलोचा पुडा, 'बेस्ट बिफोर' उलटून दोन महिने झालेला. पाव किलो भगर, आषाढीला आणलेली की त्याआधीच्या महाशिवरात्रीला, ते कुणालाच आठवेना. बेसनाचा डबा, तळाशी जाळी धरलेला. गुलाबजामच्या तयार मिश्रणाचं पाकीट, मागच्या दिवाळीचं. दाण्याच्या कुटाची निम्मी बरणी. आणि खोबऱ्याच्या चार वाट्या, त्यातल्या एकीच्या आत हिरवट लव.

सासूबाईंनी ती वाटी उचलली, नखाने जरा खरवडून पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, वरवरचंच आहे. खरवडायचं, धुवायचं, भाजून घ्यायचं. वाटणात कळायचंसुद्धा नाही." मुलगा रव्याचा पुडा घेऊन कचऱ्याच्या डब्यापाशी उभा होता. "आई, तारीख गेली याची. टाकतोय मी."

दोघंही घरच्यांच्या काळजीपोटीच बोलत होते आणि दोघांचंही चुकत होतं. रवा चांगला होता, खोबरं धोक्याचं होतं.

मी अन्नशास्त्र शिकवते, त्यामुळे श्रावण लागला की इमारतीतल्या बायका, नात्यातल्या सुना, जुन्या विद्यार्थिनी हाच प्रश्न घेऊन येतात: "तारीख गेलीय, वापरू का?" प्रत्येकीला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते. टाकायचं कसं हे त्यात आहेच, पण दरवर्षी हा ढीग जमतोच का, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे. त्याच्याकडे शेवटी येते.

आधी पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा

'बेस्ट बिफोर' आणि 'यूज बाय' किंवा 'एक्सपायरी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'बेस्ट बिफोर' म्हणजे तोपर्यंत चव, वास, खुसखुशीतपणा, रंग कंपनीने म्हटल्याप्रमाणे राहील. त्यानंतरही पदार्थ खायला सुरक्षित असू शकतो, हे आपल्या नियमांतच म्हटलंय. 'यूज बाय' आणि 'एक्सपायरी' यांचा अर्थ अधिक कडक: त्या तारखेनंतर दर्जाची आणि सुरक्षिततेची खात्री धरता येत नाही आणि माल विकता येत नाही. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनी 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' तारीख सक्तीची केली आणि 'बेस्ट बिफोर' ऐच्छिक ठेवली. त्यामुळे पूर्वी ज्या डाळीच्या पुड्यावर 'पॅक केल्यापासून सहा महिने उत्तम' एवढंच असायचं, त्यावर आता सरळ 'एक्सपायरी' दिसते आणि घरात घबराट होते.

दोन्ही तारखांना एक अट असते आणि ती बारीक अक्षरात असते: कोरड्या, थंड जागी, हवाबंद ठेवल्यास. म्हणजे तारीख आहे ती बंद पुड्याची. कात्रीने कोपरा कापलात, तिथून पुढे ती तारीख तुमच्या डब्याबद्दल काहीच सांगत नाही. जुलै महिन्यात फोडून रबर लावून ठेवलेलं बेसन तारखेच्या चार महिने आधी खराब होईल, आणि घट्ट झाकणाच्या डब्यातला तांदूळ तारखेनंतर वर्षभर उत्तम राहील. जुन्या तांदळाचा भात मोकळा होतो म्हणून आपण तो मुद्दाम शोधून आणतोच ना.

कोरडं अन्न बिघडतं ते तीनच वाटांनी

पहिली वाट ओलाव्याची. जंतू आणि बुरशी यांना वाढायला पाणी लागतं. धान्यात साधारण १२ टक्क्यांच्या आत ओलावा असेल तर त्यांना काही करता येत नाही. १४ टक्क्यांच्या पुढे गेला की बुरशीला वाव मिळतो. पावसाळ्यात मुंबई-ठाण्यात, कोकणात, गोव्यात हवेतलाच ओलावा इतका असतो की उघडा पुडा तो ओढून घेतो. पोहे हातात घेऊन दाबा. चुरा होत असेल, कुरकुरीत लागत असतील तर ठीक. मऊ, लवचिक झाले असतील तर त्यांनी पाणी घेतलंय.

दुसरी वाट तेलाची. दाणे, तीळ, खोबरं, जवस, अक्रोड, काजू, कारळं, कूट, चटण्या या सगळ्यांत तेल आहे. हवा, उजेड आणि उष्णता लागली की ते खवट होतं. दळलेल्याला आणखी लवकर, कारण दळलं की आतलं तेल उघडं पडतं. बाजरीचं पीठ याचं घरोघरी माहीत असलेलं उदाहरण. दाण्यात तेल जास्त आणि ते फोडणारं विकरही (एन्झाइम) जागं, म्हणून दहा-पंधरा दिवसांत भाकरी कडू लागायला लागते. जुन्या बायका बाजरी आठवड्यापुरतीच दळून आणायच्या, ते यामुळेच. कणीक त्यापेक्षा टिकते, मैदा त्याहून अधिक, कारण मैद्यात तेलाचा अंकुर राहिलेलाच नसतो.

खवट अन्न खाऊन त्याच दिवशी कुणी आजारी पडेलच असं नाही, पण पोट बिघडू शकतं, त्यातली काही जीवनसत्त्वं गेलेली असतात आणि ते रोज खाण्यासारखं उरलेलं नसतं. एक दाणा चावून पाहा आणि थुंकून टाका. घशाशी रंगाच्या डब्यासारखा, जुन्या तेलासारखा चरचरीत वास आला तर सगळी बरणी गेली. भाजून तो वास झाकता येतो, खवटपणा जात नाही.

तिसरी वाट किड्यांची. हिचा तारखेशी जवळजवळ काहीच संबंध नाही. तांदळात, गव्हात सोंडे येतात ते बहुतेक वेळा गोदामातून किंवा दुकानातूनच आलेले असतात. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि तोंड बंद करते. वरून दाणा अख्खा, स्वच्छ दिसतो. उबदार हवेत साधारण महिनाभराने आतून सोंडा बाहेर पडतो. म्हणून "आणला तेव्हा एकही किडा नव्हता" हे खरं असतं आणि दुकानदाराने फसवलं असंही नेहमी नसतं. अख्खे मूग, चवळी, छोले यांवर भुंग्याची अंडी मात्र बाहेरच चिकटलेली असतात. दाण्यावर पांढरा ठिपका दिसला तर ते अंडं समजा, आणि गोल भोक दिसलं तर भुंगा बाहेर पडून गेला.

खोबऱ्याची ती वाटी

आता सासूबाईंच्या हातातल्या वाटीकडे येते, कारण सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

हिरवट, पिवळसर-हिरवी किंवा काळी लव दिसते ती बुरशीची वरची बाजू. तिचे धागे आत गेलेले असतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. शेंगदाणा, मका, खोबरं, लाल मिरची यांवर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढली की ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करू शकते. ते विष यकृतावर घाला घालतं, थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. आणि स्वयंपाकघरातल्या आचेवर ते नष्ट होत नाही. बुरशी मरते, विष राहतं. धुऊन जात नाही, उन्हात जात नाही, कुकरच्या शिट्यांनी जात नाही, वाटण परतलं तरी जात नाही.

हे पुस्तकी भय नाही. १९७४ मध्ये गुजरातेतल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाडा भागात ऐन काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला, मका भिजला, त्याला बुरशी आली. घरात दुसरं धान्य नव्हतं म्हणून आदिवासी कुटुंबांनी तोच खाल्ला. काविळीने शंभराहून जास्त माणसं गेली. त्याच घरांत त्याच भाकरीवर वाढलेली कुत्रीही मेली. ती माणसं नाइलाजाने खात होती. आपल्याकडे एका खोबऱ्याच्या वाटीसाठी तसा नाइलाज नाही, हे मी आईंना सांगितलं. त्यांनी वाटी खाली ठेवली.

बुरशी दिसली की मी वापरते तो नियम असा: दाणे, खोबरं, मिरची, मका, भगर, कुठलंही पीठ, कुठलाही मसाला, यातल्या कशावरही लव, जाळीदार गुठळी किंवा कुबट वास असेल तर सगळं टाकायचं. डब्यातला वरचा थर काढून खालचं ठेवायचं नाही. हुंगायलाही तोंड अगदी जवळ नेऊ नका, बुरशीची भुकटी नाकात जाते. दमा असलेल्यांनी तर हे काम दुसऱ्याला द्यावं.

दाण्यांच्या बाबतीत मात्र आपल्या निवडण्याच्या सवयीला खरोखर मोल आहे. एक किलो दाण्यांत विष असतं ते बहुतेक मोजक्या काळवंडलेल्या, सुरकुतलेल्या, पिवळट डागाच्या दाण्यांत. ताटात पसरून ते वेचून काढले की धोका बराच उतरतो. म्हणून दाणे भाजण्याआधी निवडा, भाजल्यावर नाही. भाजल्यावर सगळेच तांबूस होतात आणि खराब दाणा लपतो. कूट विकत आणण्यापेक्षा घरी करावं असं मी म्हणते तेही यासाठीच: कुटात काय दळलं गेलं ते आपल्याला दिसत नाही.

भगर: इथे कंजुषी नको

नवरात्र, महाशिवरात्र, एकादशी जवळ आली की भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात, आणि अन्न व औषध प्रशासन तिच्याबद्दल पुन्हा पुन्हा सूचना काढतं. भगरीचे दाणे बारीक असतात, ओलावा पटकन धरतात आणि तिच्यावर ॲस्परजिलस वर्गातली बुरशी वाढून फ्युमिगाक्लेविनसारखी विषद्रव्यं तयार होतात. उलट्या, मळमळ, चक्कर, अंग थरथरणं असा त्रास होतो. त्यातून उपाशीपोटी खाल्लेली, म्हणून जास्तच बाधते.

त्यामुळे भगरीला माझ्या घरात 'बघू, जरा भाजून घेऊ' हा प्रकार नाही. कधीची ते आठवत नाही, तर टाकायची. सुटी भगर घेत नाही. बंद पुडा घेते, त्यावर १४ आकडी परवाना क्रमांक आणि तारीख बघून. उपवासापुरतीच आणायची, निवडून, धुऊन शिजवायची, ताजी खायची. भगरीचं तयार पीठ तर आणूच नये. दशमी-धिरड्यांना लागलंच तर त्याच दिवशी मिक्सरमध्ये घरी दळावं. सकाळची भगर रात्री फराळाला ठेवणंही टाळा. राजगिऱ्याचं आणि शिंगाड्याचं पीठ याच रांगेत. साबुदाणा बराच सोशिक आहे, कोरडा असेल आणि वास नसेल तर तारखेच्या मागेपुढे काही होत नाही.

उपवासाचं खाऊन कुणाला असा त्रास झालाच तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखान्यात न्या, आणि उरलेली भगर पुड्यासकट ठेवून द्या. डॉक्टरांना आणि तपासणीला ती लागते. महाराष्ट्रातल्या अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. दुकानदाराने तारीख उलटलेला माल विकला असेल तरी तक्रार इथेच करायची. बिल आणि पाकिटाचा फोटो जवळ ठेवा.

बाकीच्या डब्यांचं काय

साखर, मीठ: तारीख बघायचं कारण नाही. गुठळी झाली तर फोडा. आयोडीनयुक्त मिठातलं आयोडीन मात्र काळाने आणि ओलाव्याने कमी होत जातं, म्हणून तेही दोन-दोन वर्षं साठवू नये. गूळ पावसाळ्यात पाझरतो, तेवढ्याने तो वाईट होत नाही. वर बुरशी आली किंवा आंबूस वास सुटला तर गेला.

तांदूळ, गहू, ज्वारी, अख्खी कडधान्यं, डाळी: कोरडी, वास नसलेली, बुरशी नसलेली असतील तर मी माझ्या घरात तारखेनंतरही वापरते. थोडे सोंडे असतील तर सुपात पाखडून, चाळून, निवडून, तीन-चार पाण्यांनी धुऊन. निम्मे दाणे पोकळ झाले असतील, धुताना तरंगून वर येत असतील, तळाशी पिठूळ भुकटी साचली असेल तर नाही. जुनी कडधान्यं शिजायला त्रास देतात, तो त्यांच्या वयाचा दोष. रात्रभर भिजवताना चमचाभर मीठ घाला, ते पाणी ओतून द्या, मग कुकर लावा. चार शिट्या जास्त लागतील.

पिठं, बेसन, रवा: यांत किडा दिसला तर माझं मत सरळ आहे, टाका. पिठातले तांबूस बारीक किडे वाढले की ते एक उग्र द्रव्य सोडतात. पिठाला गुलाबी-करडी झाक आणि औषधासारखा वास येतो. तो चाळून जात नाही. जाळी धरलेल्या बेसनाचंही तेच. शिवाय जुन्या उघड्या पिठात डोळ्यांना न दिसणारे धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात. धुळीची ॲलर्जी किंवा दमा असलेल्या माणसाला तसलं पीठ खाऊन जोराची ॲलर्जी येऊ शकते, श्वास कोंडण्यापर्यंत, आणि शिजवल्यानेही तो धोका टळत नाही. घरात असं कुणी असेल तर जुनी पिठं आणि तयार मिश्रणं यांच्या बाबतीत तारीख काटेकोर पाळा. आमचा तो रवा बंद पुड्यातला होता, दाणा मोकळा, वास गोडसर. मी तो चाळून, भाजून त्याच आठवड्यात शिऱ्याला आणि उपम्याला संपवला.

मसाले: धने-जिऱ्याची पूड, गोडा मसाला, तिखट जुनं झालं की वास उतरतो, एरवी काही होत नाही. पण तिखटात ओलसर गुठळ्या, फिकट डाग किंवा जाळी दिसली तर ठेवू नका; मिरचीवर वाढणारी बुरशी दाण्यावरच्याच कुळातली आहे. हिंगाचे खडे तिखटात ठेवतात ते किड्यांसाठी, बुरशीवर त्यांचा भरवसा नको.

सुकी मासळी: जवळा, सोडे, बोंबील पावसाआधी कडक वाळवून भरलेले असले पाहिजेत. मऊ पडले, लव आली किंवा खारवलेल्या मासळीवर गुलाबी-लालसर झाक आली तर मोह आवरा.

तयार मिश्रणं: इडली, ढोकळा, गुलाबजाम. यांत सोडा किंवा दुधाची पावडर असते. सोडा निकामी झाला तर पदार्थ नुसता बसतो, पण दुधाच्या पावडरीतली चरबी खवट होते. आमचं गुलाबजामचं पाकीट टाकलं. बेकिंग पावडर तपासायची तर चमचाभर गरम पाण्यात टाका, फसफसून वर आली तर चालू.

आणि जिथे एका दिवसाचीही सूट नाही ते म्हणजे बाळाचं दूध-पावडरचं डबाबंद अन्न, तान्ह्या मुलांची खीर-मिश्रणं, आजारी माणसाची प्रथिनांची पावडर, ओआरएसची पाकिटं. डबा बंद असला तरी तारीख गेली की टाका. गरोदर बाई, लहान मूल, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेलं माणूस घरात असेल तर वर मी जिथे 'वापरते' म्हटलंय तिथेही हात आखडता घ्या.

मग दरवर्षी तेच का होतं

माझ्या घरातलं उत्तर मला सापडलं ते बेसनाच्या डब्याच्या तळाशी. डबा पाच किलोचा, स्टीलचा, लग्नातला. बेसन संपत आलं की नवा पुडा आणायचा, कात्रीने कापायचा आणि तळाला उरलेल्या वाटीभर बेसनावर ओतायचा. पाकीट कचऱ्यात. म्हणजे तारीख कचऱ्यात. तळातलं बेसन कधीच संपत नव्हतं, कारण आपण नेहमी वरून काढतो. त्या डब्याच्या तळाशी किती वर्षांचं बेसन होतं देव जाणे, आणि त्यातल्या अळ्या प्रत्येक नव्या पुड्यावर पोसल्या जात होत्या. जाळी तळाशी का धरली, याचं कारण हेच.

जुन्यावर नवं ओतणं, एवढं एक थांबवा. डब्यात उरलेलं आधी वाटीत काढा, डबा धुवा, कडांमधलं आणि झाकणाच्या खाचेतलं पीठ जुन्या दातांच्या ब्रशने काढा, उन्हात कडकडीत वाळवा, मग नवं भरा. वाटीतलं आधी संपवा. पाकिटाचा तारखेचा तुकडा कापून डब्यातच वर ठेवा किंवा झाकणाला चिकटवा. बाकी सगळे उपाय याच्यानंतर.

दुसरं कारण गॅसच्या वरची मांडणी. आपली सगळ्यात जास्त वापरातली मसाल्याची, पिठाची भांडी नेमकी तिथे, जिथे रोज वाफ आणि उष्णता पोचते. त्यात सवय अशी की आमटी उकळत असताना तिखटाचा डबा सरळ पातेल्यावर धरून चमच्याने घालायचं. वाफ डब्यात शिरते, चमचा ओला होतो, तोच चमचा डब्यात परत जातो. दोन महिन्यांत गुठळी. मिसळणाच्या डब्यात आठवड्यापुरतंच ठेवा, मोठी बरणी थंड कपाटात, आणि वाटीत काढून घेऊन मगच पातेल्यात घाला.

तिसरं, खरेदी. पावसाळ्याच्या तोंडावर वर्षाचं भरायची रीत वाड्याच्या कोरड्या कोठीसाठी आणि पंधरा माणसांच्या घरासाठी होती. चार माणसांच्या फ्लॅटमध्ये, एकावर एक फुकट म्हणून आणलेले पोह्यांचे चार पुडे संपत नाहीत. जून ते सप्टेंबर दाणे, पिठं, रवा, पोहे महिन्यापुरतेच आणा.

नव्याने आणलेला रवा, कडधान्यं, सुका मेवा मी आधी आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवते. किडे आणि त्यांची अंडी त्यात मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. पूर्ण खोलीच्या हवेला येऊ द्यायची, नाहीतर थंड दाण्यावर पाणी धरतं आणि किडे गेले तरी बुरशी येते. रवा भाजून, गार करून भरणं ही जुनी पद्धत तितकीच चांगली. कूट, तीळ, अक्रोड फ्रिजमध्येच. ऊन दाखवायचं ते धान्याला, डाळींना, पापड-कुरडयांना; तेलकट वस्तू उन्हात खवट होतात. उन्हातून आणलेलं गरम धान्य लगेच डब्यात भरू नका, आत घाम धरतो.

आता जरा कठोर बोलते. तांदळाला बोरिक पावडर लावायची पद्धत सोडा. ती अन्नात चालणारी वस्तू नाही, आणि घाईच्या सकाळी तांदूळ किती पाण्यांनी धुतला जातो हे आपल्याला ठाऊक आहे. पाऱ्याच्या टिकड्या धान्यात नकोत. आणि गोदामात धुरीसाठी वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कुणी गावाकडून कितीही खात्रीने पाठवल्या तरी घरात आणू नका. त्यांच्यातून निघणारा वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. डाळींना एरंडेलाचं बोट, गव्हात कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि घट्ट झाकण एवढं घराला पुरतं.

टाकायचं कसं

बुरशी आलेलं धान्य गाईला घालू नका. दुभत्या गाईने अफ्लाटॉक्सिन असलेलं खाल्लं की ते रूप बदलून दुधात उतरतं, आणि ते दूध कुठल्या तरी घरातलं मूल पितं. कबुतरांना, चिमण्यांनाही नको. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये बुरशी आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीने हजारो टर्की पक्षी मेले, या विषाचा शोधच त्यातून लागला. पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाका. नुसते सोंडे झालेलं, बुरशी नसलेलं धान्य पक्ष्यांना चालतं.

आणि घरी कामाला येणाऱ्या मावशींना "तारीख गेलीय, पण चांगलं आहे, घेऊन जा" म्हणून देऊ नका. चांगलं असेल तर आपण खावं. द्यायचंच असेल तर तारीख असताना, महिनाभर आधी, न फोडलेला पुडा द्यावा. सणाच्या आवराआवरीत हे घरोघरी होतं आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

गेल्या गणपतीनंतर आम्ही सगळे डबे रिकामे करून भरले. कागदी चिकटपट्टीवर तारखा लिहायचं काम आईंनी स्वतःकडे घेतलं. त्या इंग्रजी महिने लिहीत नाहीत. आता आमच्या मांडणीवर तिळाच्या बरणीवर 'संक्रांत' आहे, गव्हाच्या डब्यावर 'अक्षय्य तृतीया', पापडांवर 'होळी'. भगरीवर 'आषाढी' होतं. पहिल्या श्रावणी सोमवारी त्यांनी ती पट्टी वाचली, डबा उघडला, उरलेली वाटीभर भगर ताटात पसरली, चष्मा लावून निवडली, वास घेतला, आणि मला म्हणाल्या, "आज हीच कर. नवी आणू नकोस, ही आधी संपू दे."